दूर राहून वडीलधाऱ्यांची काळजी: कोणता मार्ग कोणासाठी

आई-वडील एका ठिकाणी आणि मुले दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या देशात, अशी ज्या घरांची मांडणी असते तिथे त्यांच्या काळजीचा निर्णय सवडीने घेतला जाण्याचे प्रसंग थोडेच. बहुधा कोणीतरी पडते, इस्पितळातून घरी सोडण्याचा दिवस ठरतो, किंवा आजवर ज्या जोडीदाराने सारे निभावून नेले तोच आधी जातो, आणि मग चार दिवसांच्या रजेत पुढच्या कित्येक वर्षांची व्यवस्था लावण्याची वेळ येते. समोरचे पर्याय साधारण ठरलेले असतात: त्यांच्याच घरी दिवसातले काही तास मदतनीस ठेवणे, त्यांच्याच घरी चोवीस तास सोबत ठेवणे, त्यांना आपल्याकडे आणणे, किंवा वृद्धाश्रमात अथवा केअर सेंटरमध्ये ठेवणे. चर्चा लगेच ‘कुठे ठेवायचे’ या प्रश्नाभोवती फिरू लागते आणि माझ्या मते तुलना इथेच फसते. त्याआधी विचारायला हवे ते असे की, मदत लागते ती नेमकी केव्हा लागते आणि ती वेळ आधी सांगता येते का.

गरज मोजण्याची रीत

ब्रिटनमधील वृद्धवैद्यकतज्ज्ञ बर्नार्ड आयझॅक्स आणि इव्हॉन नेव्हिल यांनी १९७६ साली वृद्धांच्या गरजा मोजण्याची एक साधी पद्धत मांडली. काम किती पडते हे पाहण्याऐवजी, ही व्यक्ती मदतीवाचून सलग किती वेळ राहू शकते, हे त्यांनी पाहिले. बाजारहाट, साफसफाई, बँकेची कामे यांना दिवसाआड किंवा आठवड्याने मदत मिळाली तरी चालते. ही लांब अंतराची गरज. जेवण देणे, अंघोळ घालणे, कपडे बदलणे, औषधे देणे यांसाठी दिवसातून काही वेळा माणूस लागतो, पण कधी लागेल हे ठाऊक असते. ही कमी अंतराची गरज. तिसरी गरज केव्हा उद्भवेल हे सांगता येत नाही आणि उद्भवली की मिनिटांत माणूस लागतो: शौचाला नेणे, पडल्यावर उठवणे, दार उघडून बाहेर पडणाऱ्याला थांबवणे, भ्रमात घाबरलेल्याजवळ बसणे.

पहिल्या दोन गरजा वेळापत्रक आखून, पैसे पाठवून आणि फोनवर पाठपुरावा करून दुरून भागवता येतात. तिसरी तशी भागवता येत नाही. तिथे हाकेच्या अंतरावर जागता माणूस असावाच लागतो. त्यामुळे आपल्या माणसाची गरज या तिघांपैकी कोणत्या टप्प्यावर आहे हे नक्की झाले की चारपैकी दोन-एक पर्याय आपोआप गळून पडतात.

यात एक फसगत नेहमी होते. गरजेचा अंदाज आपण शरीराच्या अवस्थेवरून बांधतो. अंथरुणाला खिळलेली पण शुद्धीत असलेली व्यक्ती आपल्याला सर्वांत परावलंबी वाटते. तिचे काम जड असते हे खरेच, पण ते बरेचसे घड्याळाच्या काट्यावर बसवता येते. उलट हिंडता-फिरता, धडधाकट दिसणारा, पण स्मृतिभ्रंश झालेला माणूस गॅस चालू ठेवून झोपू शकतो किंवा रात्री दोन वाजता ‘घरी जायचे आहे’ म्हणून निघू शकतो. त्याच्यासाठी काम फारसे करावे लागत नाही, तरी त्याला एकटे ठेवता येत नाही.

गरजेबरोबर आजाराची दिशाही पाहावी लागते. खुब्याचे हाड मोडल्यानंतरचे परावलंबित्व काही महिन्यांत कमी होऊ शकते. पक्षाघातानंतरची सुधारणाही पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते. अशा वेळी इस्पितळातून बाहेर पडण्याच्या आठवड्यातच घर विकण्याचा किंवा कायमचे हलवण्याचा निर्णय घेणे मला घाईचे वाटते. अल्झायमर किंवा पार्किन्सन यांसारख्या आजारांत मात्र उतरण ठरलेली असते आणि आज पुरेशी वाटणारी व्यवस्था वर्षभराने अपुरी पडणार हे गृहीत धरूनच तुलना करायला हवी.

फोनवर काय दिसत नाही

हे सारे दुरून ओळखायचे कसे, हा खरा अडसर आहे. व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसतो, पाय दिसत नाहीत. सूज, डगमगती चाल, भिंतीला धरत जाणारा हात यांतले काहीच त्या चौकटीत येत नाही. ‘मी मजेत आहे, तू काळजी करू नकोस’ हे वाक्य तर प्रकृती कशीही असली तरी ऐकू येते. शिवाय स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या काळात अनेक माणसे तासा-दोन तासांच्या गप्पांत स्वतःला छान सावरून घेतात, आणि धावत्या भेटीला आलेला मुलगा ‘बाबा तर ठणठणीत आहेत’ असा निर्वाळा देऊन परततो, तेव्हा रोज त्यांच्याबरोबर असणारी आई मनातून खचते.

म्हणून कोणताही पर्याय निवडण्याआधी निदान काही दिवस-रात्री तिथे पाहुणचार न घेता राहावे, आणि विचारपूस करण्यापेक्षा निरीक्षण जास्त करावे. औषधांच्या पट्ट्या हातात घेऊन मोजाव्यात: महिन्याभराची औषधे विकत आणून तीन आठवडे झाले असतील आणि पट्टीत निम्म्याहून जास्त गोळ्या शिल्लक असतील, तर ‘वेळेवर घेतो’ या उत्तराला अर्थ उरत नाही. पट्टी अपेक्षेपेक्षा लवकर रिकामी झाली असेल तर ते आणखी काळजीचे, कारण घेतल्याचे विसरून गोळी पुन्हा घेतली जात असते. न्हाणीघरातला टॉवेलचा दांडा भिंतीतून सैल झालेला दिसला, तर उठताना तोच आधार म्हणून ओढला जातो असे समजावे. भांड्यांचे जळके तळ, न उघडलेली बिले, सैल पडलेला कमरपट्टा, वाढलेली पायाची नखे, यांतून जे कळते ते फोनवर कधी कळत नाही. रात्री ते किती वेळा उठतात, दिवा लावतात की अंधारात चाचपडत जातात, आणि परत पलंगापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, हे तर मुक्काम केल्यावाचून समजतच नाही.

काही तासांची मदत

आठवड्याचे एकूण तास १६८. रोज दोन तास मदतनीस येत असेल तर १४ तास भरतात आणि १५४ तास उघडे राहतात; रोज बारा तासांची पाळी ठेवली तरी निम्मे उरतातच. गरज लांब अंतराची असेल किंवा कमी अंतराची पण ठरावीक वेळची असेल, तर हे उघडे तास धोक्याचे नसतात, आणि तेव्हा हा पर्याय मला सर्वांत चांगला वाटतो. माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या सवयींत, ओळखीच्या डॉक्टरांकडे आणि शेजाऱ्यांत राहतो, खर्च आटोक्यात राहतो आणि व्यवस्था जमली नाही तर बदलता येते.

उघड्या तासांवर उपाय म्हणून हल्ली गळ्यातले किंवा मनगटावरचे धोक्याचे बटण, हालचाल टिपणारे सेन्सर, कॅमेरे आणि वेळेवर वाजणाऱ्या औषधपेट्या सुचवल्या जातात. त्यांचा उपयोग आहे, पण तो नेमका किती हे समजून घ्यावे. केंब्रिज येथे नव्वदीपुढील व्यक्तींचा वर्षभर मागोवा घेणारा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात पडलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के व्यक्तींना निदान एकदा तरी पडल्यावर स्वतःहून उठता आले नव्हते आणि ३० टक्के व्यक्ती तासभर किंवा त्याहून अधिक वेळ जमिनीवर पडून होत्या. बटणाची सोय बहुतेकांकडे होती, पण बराच वेळ पडून राहावे लागलेल्या बहुतांश प्रसंगांत ते दाबलेच गेले नव्हते. बटण खुंटीला टांगलेले असते, अंघोळीला जाताना काढून ठेवलेले असते, किंवा ‘उगाच कशाला कोणाला त्रास’ म्हणून दाबले जात नाही. फार वेळ एकाच अंगावर पडून राहिल्याने स्नायूंना इजा होऊन मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो, त्वचेवर दाबाच्या जखमा होतात, शरीर थंड पडते. म्हणजे हाडाला धक्का न लागताही पडणे महागात जाते.

यंत्र वर्दी देते, उचलायला माणूसच लागतो. त्यामुळे सेन्सर बसवण्याआधी, घराची जादा किल्ली असलेला आणि दहा मिनिटांत पोहोचू शकणारा माणूस कोण, हे ठरवावे. तो नसेल तर दूरच्या मुलाला मोबाइलवर आलेली सूचना फक्त हतबल करते. न्हाणीघराची आतली कडी काढून बाहेरूनही उघडता येईल असे कुलूप बसवणे, रात्रीच्या वाटेवर मंद दिवा ठेवणे आणि झोपेच्या गोळीची खरोखर गरज आहे का हे डॉक्टरांना विचारणे, ही साधी कामे महागड्या उपकरणांआधी व्हायला हवीत. कॅमेरा लावायचाच असेल तर तो त्यांना सांगून, त्यांच्या संमतीने आणि झोपण्याची व न्हाण्याची जागा वगळून लावावा. आपल्या घरात पाहुण्यासारखे वावरावे लागणे कोणालाच आवडत नाही.

चोवीस तास सोबत

गरज अवेळी उद्भवू लागली की अनेक घरे पुढची पायरी म्हणून राहती बाई किंवा अटेंडंट ठेवतात, आणि एक माणूस घरात असला म्हणजे चोवीस तास भरले असे धरून चालतात. हा हिशेब चुकीचा आहे. राहत्या माणसालाही झोप लागते. रुग्ण रात्री चार-चार वेळा उठत असेल, तर ती व्यक्ती काही आठवड्यांतच थकते, चिडते किंवा काम सोडते. खरोखर जागी सोबत हवी असेल तर आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे आठवड्याला २१ पाळ्या भरायच्या असतात. एका माणसाने आठवड्यातून सहा पाळ्या केल्या तरी चार माणसे लागतात आणि आजारपणाच्या सुट्ट्या धरल्या तर त्याहून जास्त. खर्चाचा अंदाज या संख्येवरून बांधावा. रात्री एखाद्या वेळीच उठणाऱ्या व्यक्तीसाठी मात्र एक राहता माणूस आणि आठवड्याला ठरलेली बदली एवढे पुरते.

या पर्यायाची खरी किंमत पैशात दिसत नाही. पाळ्या लावणे, मदतनीस पुरवणाऱ्या ब्यूरोशी बोलणे, नवीन आलेल्या बाईला सारे पुन्हा पहिल्यापासून समजावणे, गोळ्यांतला बदल सर्वांपर्यंत पोहोचवणे, हे व्यवस्थापनाचे काम दूर राहणाऱ्याच्याच गळ्यात पडते, आणि ते अर्धवेळ नोकरीइतके असते. घरात एक साधी वही ठेवली तर ते पुष्कळ हलके होते: पाणी किती प्यायले, लघवी-शौच झाली का, झोप किती लागली, रक्तदाब किती, कोणते औषध चुकले, एवढ्याच नोंदी प्रत्येक पाळीने करायच्या आणि रोज त्या पानाचा फोटो पाठवायचा. वृद्धांमध्ये संसर्गाची पहिली खूण ताप नसून अचानक आलेला गोंधळ किंवा सुस्ती असू शकते, आणि असा बदल वहीतल्या सलग चार पानांवर लवकर दिसतो.

घर म्हणजे सुरक्षितच, असेही मानू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार समाजात राहणाऱ्या साठीपुढील व्यक्तींपैकी सुमारे सहांत एकाला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या छळाला किंवा हेळसांडीला तोंड द्यावे लागते. संस्थांबाबतचा त्याच संघटनेचा आकडा अधिक धक्कादायक आहे: तीनांपैकी दोन कर्मचाऱ्यांनी वर्षभरात असे वर्तन केल्याचे स्वतः सांगितले. पहिला आकडा वृद्धांकडून आणि दुसरा कर्मचाऱ्यांकडून आलेला असल्यामुळे दोन्हींची थेट तुलना करता येत नाही. आपल्यासाठी त्यातला बोध एवढाच की, न कळवता अधूनमधून येऊन जाणारा विश्वासातला माणूस घरीही हवा आणि संस्थेतही. आणि घरखर्चाची रक्कम, दागिने व बँकेचे कार्ड सोबतीच्या माणसाच्या हाती सोपवले जाऊ नयेत.

आपल्याकडे आणणे

मनाला सर्वांत पटणारा आणि हिशेबात सर्वांत कमी तपासला जाणारा पर्याय हाच. रात्रीचा प्रश्न सुटतो, डॉक्टरांकडे आपण बरोबर असतो, काळजीने फोन करावा लागत नाही. पण घरातली सारी माणसे कामाला आणि शाळेला जात असतील, तर अनोळखी शहरातल्या बंद घरात ती व्यक्ती दिवसाचे नऊ-दहा तास एकटीच असते, आणि पूर्वी निदान दारावर येणारे शेजारी तरी होते, तेही आता नसतात. म्हणजे दूर असण्याचा प्रश्न सुटला तरी उघड्या तासांचा प्रश्न तसाच राहतो, फक्त रात्रीऐवजी दिवसा. दिवसासाठी सोबत ठेवण्याची किंवा डे केअरची तयारी असेल, तरच हा पर्याय पुरा होतो.

स्मृतिभ्रंश असलेल्यांचा विचार इथे वेगळा करावा लागतो. जुन्या घरात पलंगापासून शौचालयापर्यंतची वाट आठवावी लागत नाही, पायांना ती सवयीने ठाऊक असते; नव्या घरात ती सवय उपयोगी पडत नाही आणि गोंधळ एकाएकी वाढल्यासारखा दिसतो. आणायचेच असेल तर आजार पुढे सरकण्यापूर्वी, नवे घर अंगवळणी पडू शकेल अशा टप्प्यावर आणणे बरे. सणासुदीला येऊन राहिले तेव्हा छान रमले होते, हा पुरावा धरू नये, कारण तेव्हा सगळे घरी असतात आणि परतीचे तिकीट ठरलेले असते. नेहमीच्या कामाच्या दिवसांत निदान दोन-तीन महिने राहून पाहावे आणि तोवर जुने घर विकू किंवा रिकामे करू नये. परदेशात राहणाऱ्यांनी निवासाच्या परवान्याची मुदत आणि विमा यांची चौकशी सर्वांत आधी करावी. अनेक देशांत आई-वडिलांना कायम राहण्याची परवानगी सहजी मिळत नाही आणि आधीपासूनचे आजार बऱ्याच प्रवास विम्यांत वगळलेले असतात.

आणखी एक प्रश्न अवघड आहे, पण विचारायलाच हवा: निर्णय घेणारा आणि प्रत्यक्ष अंघोळ घालणारा माणूस एकच आहे का? मुलाने ठरवायचे आणि सुनेने नोकरी सांभाळून करायचे, अशी रचना असेल तर तिचा होकार गृहीत न धरता स्वतंत्रपणे घ्यावा आणि तिच्या सुट्टीची व्यवस्था आधीच लावावी. आपणच तिकडे राहायला जाण्याच्या मार्गालाही हीच कसोटी लागते. आजाराची मुदत थोडी असेल, उदाहरणार्थ आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात, तर तो योग्य असतो, पण किती वर्षे लागतील हे माहीत नसताना कमाई पूर्ण सोडणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

वृद्धाश्रम किंवा केअर सेंटर

या पर्यायाकडे अनेक जण सर्व उपाय थकल्यावरच पाहतात आणि त्यामुळे निवड करायला अवधी उरत नाही. गरज सतत तिसऱ्या प्रकारची असेल, उचलायला दोन माणसे लागत असतील, किंवा घराबाहेर भटकण्याचा धोका असेल, तर जागत्या रात्रपाळीची चांगली संस्था घरातल्या दमलेल्या एका माणसापेक्षा सरस ठरते, हे अपराधीपणा बाजूला ठेवून मान्य करावे. पहिला प्रश्न मात्र जागा, बाग आणि करमणुकीविषयी न विचारता हा विचारावा: ही व्यक्ती उद्या अंथरुणाला खिळली किंवा तिला विस्मरण होऊ लागले, तर तुम्ही ठेवून घ्याल का? अनेक ठिकाणी चालत्या-फिरत्या वृद्धांनाच प्रवेश असतो आणि प्रकृती ढासळली की नातेवाइकांना बोलावून घेतात; दूर राहणाऱ्यासाठी ती वेळ सर्वांत कठीण असते.

त्यानंतर रात्री किती कर्मचारी जागे असतात, ताप आल्यास कोण तपासते, जवळच्या इस्पितळात कोण नेते आणि भेटीच्या वेळांबाहेर येऊ देतात का, हे पाहावे. शक्य असेल तर संध्याकाळी उशिरा जाऊन यावे, कारण सकाळी सगळ्याच संस्था नीटनेटक्या दिसतात. संस्था त्यांच्या जुन्या गावाजवळ असावी की आपल्या शहराजवळ, या वादात मी न कळवता वरचेवर जाऊ शकणाऱ्या माणसाच्या बाजूने कौल देईन. तो माणूस जिथे असेल त्याच्या जवळ.

भावंडे आणि कागदपत्रे

जवळ राहणारे भावंड असेल तर सारी तुलनाच बदलते, आणि बिघडतेही. अमेरिकेतल्या वृद्धवैद्यकाच्या साहित्यात १९९१ पासून ‘कॅलिफोर्नियाहून आलेली मुलगी’ असा एक उल्लेख आढळतो: दुरून अचानक येऊन, रोज राबणाऱ्यांनी आणि डॉक्टरांनी विचारपूर्वक ठरवलेले सारे उलटवू पाहणारे नातेवाईक. ते टाळायचे असेल तर दूरच्याने सल्ल्यांऐवजी कामे उचलावीत. बिले, विम्याचे दावे, डॉक्टरांच्या वेळा, सोबतीच्या माणसांचे पगार, हे सगळे दुरून होते. वर्षातून ठरलेले काही आठवडे येऊन जवळच्याला पूर्ण रजा देणे हेही त्यात धरावे.

आपल्या वतीने व्यवहार करण्याचे अधिकारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी), बँक खात्यावरचे नामनिर्देशन आणि उपचारांबाबतची त्यांची इच्छा लिहून ठेवणे, ही कामे त्यांना निर्णय घेता येत असतानाच उरकावी लागतात. कायदा देशागणिक वेगळा आहे. काही ठिकाणी साधे अधिकारपत्र व्यक्ती निर्णयक्षम राहिली नाही की निरुपयोगी होते, म्हणून स्थानिक वकिलाला नेमका हाच प्रश्न विचारावा. आणि त्यांना निर्णय घेता येतो आहे तोवर पसंती त्यांचीच. पडण्याचा थोडा धोका पत्करूनही स्वतःच्या घरी राहायचे असे त्यांनी समजून-उमजून ठरवले असेल, तर तो धोका कमी करणे एवढेच आपले काम उरते.

निवडलेला पर्याय कोणताही असो, तो पुन्हा केव्हा तपासायचा हे निवडतानाच लिहून ठेवावे: तीन महिन्यांत दुसऱ्यांदा पडणे, एकदाही घराबाहेर वाट चुकणे, रात्रीची जाग वाढणे, किंवा सोबतीच्या माणसाने वा जवळच्या भावंडाने ‘आता झेपत नाही’ असे सांगणे. त्याच कागदावर, असे काही घडल्यास पहिल्या रात्री तिथे कोण थांबेल आणि दुसऱ्या दिवशी दुरून कोण निघेल, यांची नावे आणि फोन नंबर लिहावेत, आणि त्याची एक प्रत किल्ली असलेल्या शेजाऱ्यांकडे द्यावी.